आमच्या दुकानात बिलं आहेत, वावरातली नोंद नाही

अकोला जिल्ह्यात माझं कृषी सेवा केंद्र आहे. क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक मीही विकतो, हे ध्यानात ठेवूनच पुढचं वाचा. एका गिऱ्हाइकाच्या बायकोनं विचारलं, "भाऊ, मी दोन जिवाची असताना घरामागच्या कपाशीवर फवारा चालू होता. लेकरू बोलत नाही, ते त्यापायीच का?"

ऑटिझमच्या, म्हणजे स्वमग्नतेच्या, बाबतीत हा प्रश्न कॅलिफोर्नियात नीट तपासला गेला. तिथं कोणत्या शेतात कोणतं औषध कधी, किती मारलं, हे १९९० पासून सरकारला कळवावंच लागतं. डेव्हिसच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये ९७० मुलांच्या आयांचे गरोदरपणातले पत्ते या नोंदींशी ताडून पाहिले. घराच्या साधारण दीड किलोमीटर परिसरात ऑर्गनोफॉस्फेट गटातली औषधं (क्लोरपायरीफॉस त्यातलंच) मारली असतील, तर मुलात ऑटिझमची शक्यता ६० टक्क्यांनी जास्त दिसली. ही औषधं किडीच्या मज्जातंतूंवर घाव घालतात. त्यासाठी जे विकर ती अडवतात, ते माणसातही असतं. म्हणून गर्भाच्या घडत्या मेंदूची काळजी.

साठ टक्के म्हणजे शंभरातली साठ मुलं नव्हे. हजारात पंधरा मुलं असतील तर ती चोवीस होतील, एवढाच हिशोब. शिवाय २०१९ मध्ये तिथल्याच ऑटिझम असलेल्या २,९६१ मुलांच्या अभ्यासात क्लोरपायरीफॉसपुरती वाढ १३ टक्केच निघाली. सोबत बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांत ती जास्त होती. दोन्हीकडे मोजलं ते घर ते शेत अंतर. बाई त्या दिवशी घरी होती का, वारा कुठला होता, हे नोंदीत नाही. आनुवंशिकतेचा वाटा तर मोठाच. एवढ्यावरून कुठल्याही एका लेकराबद्दल 'फवाऱ्यामुळेच' म्हणता येत नाही. त्या बाईला मी तेच सांगितलं; आणि दोष तिचा नाही, हेही.

तरी शंका हलकी नाही. कॅलिफोर्नियानं २०२० मध्ये क्लोरपायरीफॉसची विक्री थांबवली. माझ्याकडे प्रत्येक बाटलीचं बिल आहे, पण ती कोणाच्या वावरात, कोणाच्या घराशेजारी रिकामी झाली, ते कुठंच लिहिलेलं नाही. मग आपल्याकडे असा अभ्यास करायचा कशावर?

तोवर शेतकरी भावांनो, दोन जिवाच्या बाईला फवारलेल्या वावरात निंदायला पाठवू नका. शेजारी अशी बाई असेल तर आदल्या दिवशीच निरोप द्या. आणि औषधाचं नाव, तारीख, वाऱ्याची दिशा घरच्या वहीत लिहून ठेवा.