भयकथेचे कारभारी – ७ : पाच डॉलरचं पुस्तक

मागच्या लेखात आपण भयकथाकार लव्हक्राफ्टच्या मृत्यूपाशी, म्हणजे मार्च १९३७ पाशी थांबलो होतो. त्याच्या कथा तोवर 'विअर्ड टेल्स'सारख्या स्वस्त मासिकांत विखुरलेल्या होत्या आणि तिथेच जिरून गेल्या असत्या. तसं झालं नाही, याचं मोठं श्रेय ऑगस्ट डर्लेथला जातं. गंमत म्हणजे या दोघांची प्रत्यक्ष भेट कधीच झाली नाही. सगळा स्नेह पत्रांतला.

डर्लेथ विस्कॉन्सिनमधल्या सॉक सिटीचा, जन्म १९०९ चा. 'विअर्ड टेल्स'ने त्याची पहिली कथा १९२६ मध्ये छापली, तेव्हा तो शाळकरी पोरगाच होता. लव्हक्राफ्ट गेल्यावर डर्लेथने आणि त्याचा लेखकमित्र डोनाल्ड वॉन्ड्रेईने लव्हक्राफ्टच्या कथांचं बाड न्यूयॉर्कच्या प्रकाशकांना दाखवलं. ते साभार परत आलं. मग १९३९ मध्ये दोघांनी स्वतःचीच प्रकाशनसंस्था काढली, 'अर्कम हाउस'. डर्लेथ तेव्हा घर बांधत होता. त्यासाठी काढलेल्या कर्जातले पैसे त्याने छपाईकडे वळवले. 'द आउटसायडर अँड अदर्स' या लव्हक्राफ्टच्या कथासंग्रहाच्या १,२६८ प्रती निघाल्या. किंमत पाच डॉलर, आगाऊ नोंदवल्यास साडेतीन. आगाऊ मागणी आली दीडशेच्या आसपास, आणि सगळ्या प्रती खपायला चारेक वर्षं गेली. मराठी कवितासंग्रह काढणाऱ्यांना हा हिशेब ओळखीचा वाटेल! तरी डर्लेथ हटला नाही. रॉबर्ट ब्लॉकचं पहिलं पुस्तक त्याने १९४५ मध्ये काढलं, रे ब्रॅडबरीचं १९४७ मध्ये.

संपादक म्हणून त्याची नजर कशी होती, हे रॅम्झी कॅम्बेलच्या प्रकरणात दिसतं. लिव्हरपूलचा हा मुलगा लव्हक्राफ्टच्या नादाने, कधी न पाहिलेल्या मॅसॅच्युसेट्समध्ये आपल्या कथा घडवत होता. डर्लेथने त्याला सांगितलं, ते सोड, इंग्लंडमधलं लिही. कॅम्बेलने सेव्हर्न नदीच्या खोऱ्यात ब्रिचेस्टर नावाचं काल्पनिक गाव वसवलं, आणि १९६४ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याचा संग्रह अर्कम हाउसने छापला.

हा सल्ला डर्लेथने स्वतः मात्र क्वचितच पाळला. त्याच्या लव्हक्राफ्टी कथा बहुतेक त्याच उसन्या मुलखात घडतात. 'द लर्कर अ‍ॅट द थ्रेशहोल्ड' (१९४५) या कादंबरीवर लेखक म्हणून दोघांची नावं आहेत. आत लव्हक्राफ्टचे शब्द जेमतेम बाराशे. शिवाय लव्हक्राफ्टच्या विश्वात माणसाची दखलही न घेणाऱ्या ज्या शक्ती होत्या, त्यांची डर्लेथने सरळ देव-दानवांसारखी दोन पक्षांत वाटणी करून टाकली. भीतीचा निम्मा जीव तिथेच गेला.

याच माणसाने आपल्या गावावर जे लिहिलं ते मात्र अस्सल आहे. सॉक सिटी आणि शेजारचं प्रेअरी डू सॅक मिळून त्याने 'सॅक प्रेअरी' उभं केलं. तिथली माणसं, नदी, ऋतू आयुष्यभर टिपले. ४ जुलै १९७१ रोजी तो सॉक सिटीतच वारला.

संपादक पहिल्या प्रतीचा, भयकथाकार बेताचा, असं माझं मत. डर्लेथ वाचायचा असेल, तर १९६१ च्या 'वॉल्डन वेस्ट'पासून सुरुवात करा. त्यात भूत एकही नाही.