नव्या तांदळाचा मऊ भात

दसरा उलटला की भोर आणि वेल्हे, म्हणजे आताचा राजगड तालुका, इथली भातखाचरं पिवळी पडू लागतात. आधी हळवं भात कापणीला येतं, मग निमगरवं, शेवटी गरवं. झोडणी होते, पोती गिरणीवर जातात आणि दिवाळीच्या आगेमागे नवा तांदूळ घरात येतो. नीरा, गुंजवणी आणि कानंदीच्या खोऱ्यांत रात्री गारवा उतरतो. अशा वेळी मऊ भात, वर तुपाची धार आणि चिमूटभर मेतकूट यापरतं सुखाचं जेवण नाही. तांदूळ, पाणी आणि मीठ एवढ्याच ऐवजातून इतकं सुख येतं कुठून?

भात शिजत आला की पातेल्यावरचं झाकण जरा सरकवा. वाफेबरोबर जो दरवळ येतो, त्याचं मोठं श्रेय ‘२-अॅसिटाइल-१-पायरोलिन’ या रेणूला जातं. पाण्यात त्याचं प्रमाण एक अब्जात दशांश भाग असलं तरी माणसाच्या नाकाला ते कळतं. दहा हजार लिटरचे हजार टँकर भरले आणि त्या सगळ्यांत मिळून एक ग्रॅम टाकला, तर ते हे प्रमाण! मक्याच्या लाह्या आणि पावाचं खरपूस कवच यांच्या वासातही हाच रेणू असतो. कोलकात्याचे रतनलाल ब्रह्मचारी आणि त्यांचे सहकारी यांना तर तो वाघाच्या हद्द आखण्याच्या फवाऱ्यात सापडला!

आपल्याकडे हा सुवास आला आंबेमोहोराकडून. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रात ‘आंबेमोहोर १५७’ आणि भरघोस पिकणारा ‘आयआर ८’ यांच्या संकरातून ‘इंद्रायणी’ घडला आणि १९८७ मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आला. आज मावळपट्ट्यात कुठल्याही घरी जा, तांदूळ म्हटलं की बहुधा इंद्रायणीच पुढे येतो.

जगातल्या बहुतेक सुवासिक तांदळांचा सुगंध एका बिघाडातून आला आहे, हे कळलं तेव्हा मी थक्क झालो. साध्या भातपिकात एक जनुक असं विकर बनवतं, की सुगंधाचा कच्चा माल दुसरीकडेच वळतो. सुवासिक वाणांत ते जनुक मोडकं असतं, म्हणून तो माल साठतो आणि त्यातून हा रेणू तयार होतो. दाण्यात चीक भरत असताना हवा गार असली तर सुगंध वाढतो, असंही प्रयोगांत दिसलं आहे.

आता मऊपणा. तांदळातला स्टार्च दोन प्रकारचा असतो: सरळ साखळ्यांचा अमायलोज आणि फांद्याफांद्यांचा अमायलोपेक्टिन. पहिला जास्त असेल तर भात मोकळा होतो. कमी असेल तर शितं एकमेकांना धरून राहतात. त्यातून तांदूळ नवा असेल तर कण भराभर पाणी पितात, फुगतात आणि त्यांतला स्टार्च पाण्यात उतरतो. पोत्यात महिनोन्‌महिने राहिलेल्या तांदळात स्टार्चच्या कणांभोवतीची प्रथिनं एकमेकांत घट्ट गुंततात आणि या फुगण्याला आवर घालतात. म्हणून जुना तांदूळ पाणी जास्त मागतो आणि मोकळा शिजतो. दरम्यान त्याचा सुवासही उडत जातो.

म्हणजे ‘नव्या तांदळाचा भात गिच्च होतो’ ही तक्रार पुलावासाठी खरी असली, तरी मऊ भाताला नेमका तोच गुण हवा असतो. मऊपणा आणि दरवळ, दोन्ही भरात असतात ते याच दिवसांत.

करायला तर काहीच नाही. वाटीभर नवा इंद्रायणी हलक्या हाताने धुवा. सहा वाट्या पाण्याचं आधण ठेवा, मीठ घाला, तांदूळ वैरा आणि मंद आचेवर अधूनमधून पळी फिरवत राहा. तांदळाच्या कण्या असतील तर आणखी छान. मोडलेल्या दाण्यातून स्टार्च लवकर उतरतो. शितं फुलून पाणी दाटसर झालं की आच बंद करून दहा मिनिटं झाकून ठेवा. सोबत लिंबाचं लोणचं पुरे. भूक मोठी असेल तर हुलग्याचं पिठलं करा, लसणाच्या फोडणीचं.

पहिला घास जरा जास्त वेळ चावा. लाळेतलं विकर शिजलेल्या स्टार्चची साखर करू लागतं आणि साखरेचा दाणाही न घालता भात गोडसर लागतो. शिजून फुगलेला हा स्टार्च पचायला हलका, म्हणूनच आजाऱ्याला आणि तान्ह्याच्या पहिल्या घासालाही आपण मऊ भातच देतो.

तेव्हा यंदा तांदूळ घेताना भावाच्या आधी एक विचारा: कापणी कधीची? भोर-वेल्ह्याच्या एखाद्या शेतकऱ्याकडून थेट मिळाला तर उत्तमच. पाचेक किलो नवा इंद्रायणी मऊ भातासाठी वेगळा ठेवा आणि थंडी सरायच्या आत संपवा.