पाऊस सात हजार मिलिमीटर, तरी मे महिन्यात हंडा-कळशी! घरातलं पाणी कसं वाचवायचं?



"पाणी वाचवा" हा विषय आपण दरवर्षी शिकवतो. मुलं निबंध लिहितात, चित्रं काढतात, घोषणा देतात, आणि घरी गेल्यावर नळ तसाच वाहत असतो. यात मुलांची चूक नाही. आपण त्यांना "पाणी मौल्यवान आहे" एवढंच सांगतो. घरात नेमकं काय करायचं आणि त्याने काय फरक पडतो, हे सांगायचं राहून जातं.

आंबोलीसारख्या गावात तर हा विषय आणखी अवघड. चार महिने बाहेर धो धो पाऊस, भिंतींना ओल, कपडे वाळत नाहीत, समोरचा डोंगर धुक्यात दिसत नाही. अशा वेळी वर्गात पाणीटंचाईचा धडा काढला की मुलं हसतात. पण एका मुलीने मला हसत न हसत विचारलं होतं, "बाई, इतको पावस पडता, मगे मे म्हयन्यात बाव सुकता कशी?" तिची आई उन्हाळ्यात पाण्याच्या खेपा घालते, म्हणून तिला हा प्रश्न पडला. आजचा पाठ तिच्या प्रश्नापासूनच सुरू करूया.

आधी एक गणित

१ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी बरोबर १ लिटर होतं. वर्गात खडूने १ मीटर लांब, १ मीटर रुंद चौकोन काढून दाखवा. पाचवीच्या मुलांनाही हे लगेच कळतं.

आंबोलीत वर्षाला सरासरी ७,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. महाराष्ट्रातल्या सर्वांत जास्त पावसाच्या ठिकाणांपैकी हे एक. आता समजा, घराच्या छपराखाली ७० चौरस मीटर जागा आहे. मग त्या एका छपरावर वर्षभरात पडलेलं पाणी झालं:

७० × ७,००० = ४,९०,००० लिटर.

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला पाणी पोचवण्यासाठी मिरजेहून रेल्वे सोडली होती, हे मोठ्या माणसांना आठवत असेल. त्या पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या आणि त्यांत सुमारे ५ लाख लिटर पाणी होतं. म्हणजे ज्या पाण्यासाठी आख्खी रेल्वे लागली, जवळजवळ तेवढं पाणी आपल्याकडे एका घराच्या कौलांवरून पागोळ्यांनी खाली पडून जातं.

आता खर्च बघू. जल जीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसासाठी दररोज ५५ लिटर पाणी धरलेलं आहे. पाच माणसांच्या घराला दिवसाला २७५ लिटर, म्हणजे वर्षाला सुमारे १ लाख लिटर. छपरावर पडणारं पाणी त्याच्या जवळजवळ पाचपट!

मग ते पाणी जातं कुठे?

आंबोली सह्याद्रीच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. माथ्यावर पाणी थांबत नाही. पश्चिमेकडचं पाणी धबधब्यांतून खाली कोकणात उतरतं आणि अरबी समुद्राला मिळतं. पूर्वेकडे हिरण्यकेशी नदी उगम पावते. ती आजऱ्याकडून पुढे घटप्रभेला, घटप्रभा कृष्णेला आणि कृष्णा थेट बंगालच्या उपसागराला मिळते. एकाच गावचा पाऊस दोन समुद्रांना जातो. मुलांना नकाशावर हे जरूर दाखवा, त्यांना फार गंमत वाटते.

दुसरं कारण आपल्या पायाखालचा जांभा दगड. जांभा सच्छिद्र असतो. पाणी त्यात पटकन मुरतं, पण तितक्याच पटकन उताराच्या बाजूने झरे होऊन बाहेर पडतं. म्हणून ऑक्टोबरात काठोकाठ भरलेली विहीर एप्रिलमध्ये तळाला जाते.

मेघालयातल्या चेरापुंजीला आपल्यापेक्षाही जास्त पाऊस पडतो आणि तिथेही कोरड्या दिवसांत पाण्याची टंचाई होते. कारण तेच. उंच जागा, तीव्र उतार आणि सगळा पाऊस काही महिन्यांत.

म्हणजे त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर असं, की आपल्याकडे पाणी कमी पडत नाही, कमी थांबतं. कोणी म्हणेल, "मग मोठी टाकी बांधू." हिशेब करा. ५,००० लिटरची टाकी २७५ लिटर रोज या दराने जेमतेम अठरा दिवस पुरते. टाकी हवीच, पण एकट्या टाकीवर उन्हाळा निघत नाही. उन्हाळ्यातलं रोजचं पाणी जपूनच वापरावं लागतं.

लिटर नको, खेपा मोजा

मुलांना "२० लिटर वाचले" म्हटलं की काही वाटत नाही. "आईची एक खेप वाचली" म्हटलं की लगेच कळतं. समजा, एका हंड्यात १५ लिटर पाणी मावतं आणि विहिरीवर जाऊन यायला वीस मिनिटं लागतात. आता पुढच्या तीन सवयी बघा.

१. "शिळं" पाणी ओतू नका. सकाळी उठून कालची कळशी मोरीत ओतायची आणि ताजं पाणी भरायचं, ही आपल्या अनेक घरांतली पद्धत आहे. स्वच्छ भांड्यात झाकून ठेवलेलं पाणी एका रात्रीत खराब होत नाही. मनाला पटत नसेल तर ते पिऊ नका, पण भांडी घासायला किंवा हातपाय धुवायला वापरा. १० लिटर वाचले.

२. भांडी दोन टोपांत धुवा. आधी खरकटं पुसून काढा. घासलेली भांडी एका टोपात विसळा आणि दुसऱ्या टोपातल्या स्वच्छ पाण्यातून काढा. भांड्यागणिक तांब्या ओतण्यापेक्षा किंवा नळ सोडून ठेवण्यापेक्षा पाणी बरंच कमी लागतं. दोन वेळचे मिळून २० लिटर सहज वाचतील.

३. कपड्यांचं शेवटचं पाणी ठेवून द्या. शेवटच्या खळबळण्याचं पाणी बरंचसं स्वच्छ असतं. ते बादलीत ठेवून संडासात ओतायला किंवा खळं, पायऱ्या धुवायला वापरा. १५ लिटर वाचले.

१० + २० + १५ = ४५ लिटर, म्हणजे तीन हंडे. तीन खेपा, एक तास! रोजचा एक तास घरातल्या बाईच्या किंवा मुलीच्या कमरेवरून उतरला. वार्षिक परीक्षेच्या दिवसांत तो तास अभ्यासाला मिळाला, तर ते केवढं मोठं काम झालं.

नळ असलेल्या घरांसाठी

घरात पंप आणि टाकी आहे, खेपा घालाव्या लागत नाहीत, तरी पाणी त्याच विहिरीतून येतं. तिथे हे करून बघा.

*गळका नळ:* नळाखाली वाटी ठेवा आणि दहा मिनिटांनी साठलेलं पाणी मोजा. त्याला १४४ ने गुणा, कारण एका दिवसात १४४ वेळा दहा मिनिटं येतात. वाटीत ५० मिलिलिटर जमलं, तर दिवसाला ७.२ लिटर आणि महिन्याला २१६ लिटर गेले! बहुतेक वेळा आतला वायसर बदलला की काम होतं.

*फ्लशची टाकी:* एक लिटरची बाटली पाण्याने भरून, झाकण घट्ट लावून टाकीत उभी ठेवा. दर वेळी एक लिटर कमी जाईल. आतल्या बोंड्याला बाटली अडकत नाही ना, हे मात्र बघा.

*आंघोळ आणि दात घासणं:* शॉवरपेक्षा बादली बरी, कारण बादली संपल्याचं दिसतं. दात घासताना नळाऐवजी तांब्या.

*तांदूळ, डाळ, भाजी आणि मासे धुतलेलं पाणी:* परसातल्या अळूला, केळीला, मिरचीला घाला. साबणाचं पाणी पालेभाजीला घालू नका, ते केळीच्या बुंध्याशी सोडलं तर चालतं.

मे महिन्यातले पाहुणे

आपली विहीर तळाला जाते त्याच दिवसांत मुंबईचे चाकरमानी गावी येतात. पाच माणसांच्या घरात बारा माणसं होतात. पाहुण्यांना पाणी जपा असं सांगायला संकोच वाटतो. यावर जुनी रीत फार चांगली आहे. भरलेले पेले समोर ठेवण्याऐवजी तांब्या-भांडं ठेवा. ज्याला जेवढी तहान तेवढं तो ओतून घेईल आणि उष्टं पाणी फेकावं लागणार नाही. मोरीजवळ मुलांनी लिहिलेली पाटी लावा, "आंघोळीला एक बादली." आपण बोललो तर कदाचित राग येईल, पण नातवंडांच्या अक्षरातल्या पाटीवर कोणी रागावत नाही.

कुठे वाचवायचं नाही

हे मुलांना मुद्दाम सांगा. पिण्याच्या पाण्यात काटकसर नको. जेवणाआधी आणि संडासहून आल्यावर साबणाने हात धुणं टाळायचं नाही. मुलींना पाळीच्या दिवसांत लागणारं पाणी कमी करायचं नाही. जुलाब-उलट्या झालेल्याला भरपूर पाणी द्यायचं. साठवलेलं पाणी नेहमी झाकून ठेवायचं आणि आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळून भांडी-टाक्या घासून घ्यायच्या, नाहीतर डेंग्यूचे डास होतात. त्या दिवशी उरलेलं पाणी गटारात न ओतता झाडांना घाला.

पावसाचं पाणी थांबवूया

पागोळ्यांना पन्हळ लावून ते पाणी दगड, खडी आणि वाळू भरलेल्या खड्ड्यात सोडलं तर जमिनीत मुरतं. पहिल्या एक-दोन सरींचं पाणी बाहेर जाऊ द्या, कारण त्यात छपरावरची घाण असते. न गाळलेलं पाणी थेट विहिरीत सोडू नका. खड्डा संडासाच्या शोषखड्ड्यापासून लांब असावा. आणि पाऊस संपला की व्हाळावर सिमेंटच्या रिकाम्या पिशव्यांत माती भरून वनराई बंधारा घालता येतो. आपल्या जिल्ह्याला हे काम नवीन नाही. शाळा, पालक आणि वाडी एकत्र आली तर एका दिवसात होतं. वाहून जाणारं पाणी काही आठवडे जास्त थांबतं आणि आजूबाजूच्या विहिरींना आधार मिळतो.

मुरलेल्या पाण्याची किंमत काय असते, ते हिरण्यकेशीच्या उगमाशी दिसतं. तिथल्या महादेव मंदिराजवळच्या पाण्यात एक छोटा मासा राहतो. २०२० मध्ये त्याची नवी जात म्हणून नोंद झाली आणि त्याला 'शिस्टुरा हिरण्यकेशी' हे नाव मिळालं. २०२१ मध्ये राज्य सरकारने ती २.११ हेक्टर जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. डोंगरात मुरलेलं पाणी झऱ्यातून येत राहिलं, तरच तो मासा तिथे राहील.

मुलांसाठी उपक्रम

एका आठवड्यासाठी वहीत चार रकाने करायला सांगा: वार, किती पाणी आणलं किंवा भरलं, किती वाचवलं, किती खेपा वाचल्या. पहिले दोन दिवस फक्त मोजायचं, काही बदलायचं नाही. पुढचे पाच दिवस वरच्या सवयी पाळायच्या. शेवटी फरक काढायचा. गणित, भूगोल आणि परिसर अभ्यास, तिन्ही विषय यात येतात. पालकांनी त्या वहीवर रोज सही करावी, आणि खेपा घालणाऱ्या आईने एक ओळ स्वतः लिहावी.

पुढच्या वेळी मुलांना "पाणी वाचवा" या विषयावर निबंध द्याल, तेव्हा ही वही समोर ठेवून लिहायला सांगा.