शाफ्ट्सबरी : मठ गेला, चढ राहिला

इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील डॉर्सेट परगण्यात, सुमारे ७०० फूट उंच टेकडीवर शाफ्ट्सबरी वसले आहे. व्हायकिंगांच्या स्वाऱ्या रोखण्यासाठी राजा आल्फ्रेडने जी तटबंद गावे उभारली, त्यांपैकी हे एक. इ.स. ८८८च्या सुमारास त्याने येथे स्त्रियांसाठी मठ स्थापला आणि आपल्या मुलीलाच पहिली मठाधिपती केले.

मठाला खरी बरकत आली ती मात्र एका खुनामुळे. ९७८ मध्ये किशोरवयीन राजा एडवर्ड कॉर्फ येथे मारला गेला. पुढे त्याचे अवशेष शाफ्ट्सबरीला आणले गेले, तो संत ठरला आणि यात्रेकरूंची रीघ लागली. इथल्या मठाधिपतीने ग्लास्टनबरीच्या मठाधिपतीशी लग्न केले, तर त्यांच्या वारसाकडे राजापेक्षा जास्त जमीन असेल, अशी म्हणच पडली होती.

एवढ्या श्रीमंत गावाला पाणी मात्र नव्हते. ते टेकडीच्या पायथ्याशी, एन्मोर ग्रीनच्या झऱ्यांवरून वर वाहून आणावे लागे. त्या बदल्यात गावकरी दरवर्षी वाजतगाजत खाली जात आणि वासराचे डोके, हातमोजे, पाव व बिअर असा मान देत. मिरवणुकीत ‘बायझंट’ नावाचा सजवलेला दंड असे. ही प्रथा १८३० मध्ये थांबली. दंड आजही गोल्ड हिल संग्रहालयात आहे.

१५३९ मध्ये आठव्या हेन्रीच्या धोरणानुसार मठ बरखास्त झाला आणि इमारत पाडून दगड नेले गेले. आता बागेत केवळ पाया उरला आहे. एडवर्डच्या मानल्या जाणाऱ्या अस्थी १९३१च्या उत्खननात सापडल्या. त्या सध्या सरे परगण्यातील ब्रुकवूडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये आहेत.

बहुतेक पर्यटक येतात ते मठासाठी नव्हे, तर गोल्ड हिल या दगडी फरसबंदीच्या उभ्या चढासाठी. १९७३ मध्ये रिडली स्कॉटने होविस पावाची जाहिरात येथे चित्रित केली. तीत एक मुलगा सायकल ढकलत हा चढ चढतो. पार्श्वसंगीत ड्वोर्झाकचे, ब्रास बँडवर वाजवलेले. त्यामुळे अनेकांना ही गल्ली उत्तर इंग्लंडातलीच वाटली. गंमत म्हणजे एका बाजूला उतरत्या घरांची रांग न्याहाळताना दुसऱ्या बाजूची आधारखांब दिलेली जाडजूड भिंत दुर्लक्षित राहते. ती मठाच्या आवाराची समजली जाते.

गावात रेल्वे नाही. लंडनच्या वॉटर्लूहून एक्सेटरकडे जाणाऱ्या गाडीने गिलिंगहॅमला उतरून पुढे रस्त्याने जावे लागते. मठाचे संग्रहालय हिवाळ्यात बंद असते. गोल्ड हिल मात्र कधीही चढता येते. पावसात तिथले दगड निसरडे होतात.