सॉफ्टवेअरच्या विद्यार्थ्याची साप्ताहिक वही

सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमांत पुष्कळ ठिकाणीं विद्यार्थ्याकडून एक वही लिहून घेतात. आठवड्याच्या अखेरीस आपण काय योजिलें होतें, काय घडलें व तें तसें कां घडलें, हें त्यानें तींत नमूद करावयाचें असतें. यंत्राशीं काम करणाऱ्यास हा लेखनाचा भार कशासाठीं, असा प्रश्न पालकांच्या मनांत येणें साहजिक आहे. त्याचें उत्तर या विद्येच्या स्वरूपांतच आहे.

संगणकास द्यावयाच्या आज्ञांच्या समूहास सॉफ्टवेअर म्हणतात. लहानशी आज्ञावली एकटा मनुष्य एका दिवसांत लिहील. परंतु बँकेचे अथवा रेल्वेचे व्यवहार चालविणारें सॉफ्टवेअर अनेकांनीं मिळून वर्षानुवर्षें रचावें लागतें. १९६८ च्या ऑक्टोबरांत जर्मनींतील गार्मिश येथें नाटो संघटनेच्या वतीनें या विषयाची परिषद भरली. मोठीं कामें मुदतींत पुरीं होत नाहींत, खर्च वाढतो व दोष राहून जातात, याची चर्चा तेथें झाली. आणि ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ हें नांव त्यानंतर रूढ झालें.

पूल बांधणाऱ्याचा दगड डोळ्यांस दिसतो. येथें बांधणी विचारांची असते, आणि मनांत गृहीत धरलेली गोष्ट लिहिल्यावांचून दिसत नाहीं. समजा, ग्रंथालयासाठीं आज्ञावली रचतांना एका विद्यार्थ्यानें ‘पुस्तक पुढील महिन्यांत त्याच तारखेस परत करावें’ असा नियम घातला. ३१ जानेवारीस पुस्तक नेणाऱ्यास आज्ञावली ३१ फेब्रुवारी ही तारीख सांगूं लागली! दुरुस्ती थोडक्यांत होईल. पण वहींत ‘या आठवड्यांत पुष्कळ शिकलों’ एवढेंच लिहिलें, तर त्याचा कोणास उपयोग? ‘सर्व महिन्यांचे दिवस सारखे, असें मी नकळत धरून चाललों, यापुढें तारखेची परीक्षा महिनाअखेरचे दिवस घेऊन करीन’ असें लिहिलें, तर तीच चूक निराळ्या रूपानें आली तरी ओळखूं येते. त्याचप्रमाणें, काम तीन तासांचें वाटलें व अकरा तास लागले, हेंही मांडावें. असे चार आठवड्यांचे आंकडे शेजारीं ठेविले म्हणजे आपला अंदाज किती कच्चा आहे तें कळतें.

न लिहिलेल्या कारणाची किंमत किती मोठी असूं शकते, हें एका प्रसंगावरून दिसतें. ता. ४ जून १९९६ रोजीं फ्रेंच गियानांतील कुरू येथून युरोपचा एरियान-५ हा अग्निबाण प्रथमच उडाला आणि सुमारें ४० सेकंदांत नष्ट झाला. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेंतील सॉफ्टवेअर जुन्या एरियान-४ वरून घेतलें होतें. नव्या बाणाचा आडवा वेग अधिक असल्यानें एक संख्या ३२,७६७ या मर्यादेपलीकडे गेली व यंत्रणा बंद पडली. त्या संख्येस संरक्षण न देण्याचा निर्णय पूर्वीं विचारपूर्वक घेतलेला होता. परंतु त्याचें कारण मूळ आज्ञावलींत लिहिलेलें चौकशी-समितीस आढळलें नाहीं.

उलट उदाहरण अमेरिकेंतील प्राध्यापक डोनाल्ड कनूथ यांचें. ग्रंथमुद्रणासाठीं ‘टेक’ ही आज्ञावली रचतांना त्यांनीं सुमारें दहा वर्षें आपल्या चुकांची व सुधारणांची नोंद ठेविली. ८५० हून अधिक नोंदींचे त्यांनीं १५ वर्ग पाडले, आणि १९८९ मध्यें त्यांवर लेख प्रसिद्ध केला. एवढ्या थोर विद्वानास जें कमीपणाचें वाटलें नाहीं, तें विद्यार्थ्यास कां वाटावें?

मात्र वही त्याच आठवड्यांत लिहावी. महिना लोटला म्हणजे स्मृति आपल्या आजच्या शहाणपणाचा मुलामा कालच्या अज्ञानावर चढविते. गुणांसाठीं ती सजवूं नये. आणि प्रामाणिक नोंदीबद्दल शिक्षकांनीं गुण कापूं नयेत, पालकांनींही रागावूं नये. जेथें चूक लिहिण्याची भीति वाटते, तेथें ती लपविण्याची संवय लागते. आणि हाच विद्यार्थी उद्यां ज्या सॉफ्टवेअरवर काम करील, त्यावर अनेकांचा पैसा व प्राण अवलंबून असतील. मुलांनो, तुम्ही गणित शिकत असा वा सुतारकाम, आजच अशी एक वही घाला.