कापसाच्या राज्यातील यादवी

युद्धाचे कारण आणि युद्धाचा जाहीर उद्देश ही एकच गोष्ट असावी अशी आपली सहज समजूत असते. परंतु १८६१ ते १८६५ या चार वर्षांत अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत जी यादवी माजली, तिच्या प्रारंभी या दोहोंत फार मोठे अंतर होते. अब्राहम लिंकन यांनी ४ मार्च १८६१ रोजी अध्यक्षपद स्वीकारताना जे भाषण केले, त्यात ज्या संस्थानांत गुलामगिरी चालू आहे तेथे तिला हात घालण्याचा आपला मानस नाही आणि तसा आपणांस कायदेशीर अधिकारही नाही, असे त्यांनी निक्षून सांगितले. मात्र हे भाषण होण्यापूर्वीच दक्षिणेतील सात संस्थाने संघराज्यातून फुटून निघाली होती, आणि ती का फुटली याचा खुलासा त्यांतील काहींनी आपल्याच हाताने लिहून ठेवला होता.

मिसिसिपीच्या जाहीरनाम्याने आरंभीच कबुली दिली आहे की, आपली सारी स्थिती गुलामगिरीच्या संस्थेशी एकरूप झालेली असून ती संस्था म्हणजे जगातील सर्वांत मोठी भौतिक दौलत होय. नव्या बंडखोर संघाचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी मार्च १८६१ मध्ये सव्हाना येथे भाषण करताना, नव्या राज्याची कोनशिला म्हणजे गोऱ्यांची श्रेष्ठता व काळ्यांचे दास्य हे तत्त्व होय, असे कोणताही आडपडदा न ठेवता प्रतिपादिले. पुढे पराभव पदरी पडल्यावर याच स्टीफन्स यांनी आणि त्यांचे अध्यक्ष जेफर्सन डेव्हिस यांनी जाडजूड ग्रंथ लिहून, आपले भांडण संस्थानांच्या हक्कांसाठी होते असे जगाला पटविण्याची खटपट केली, आणि ती कैफियत आजही काही लोक ग्राह्य मानतात. वस्तुतः १८५० साली फरारी गुलामांविषयीचा जो कठोर कायदा झाला, तो उत्तरेकडील संस्थानांच्या हक्कांवर मध्यवर्ती सत्तेचा वरवंटा फिरविणारा होता. उत्तरेत आश्रयाला आलेला गुलाम पकडून देण्यास तेथील सामान्य नागरिकालाही भाग पाडणारा हा कायदा दक्षिणेच्याच आग्रहाने झाला, आणि उत्तरेची संस्थाने त्याची नीट अंमलबजावणी करीत नाहीत ही दक्षिण कॅरोलिनाच्या तक्रारींतील एक ठळक तक्रार होती. संस्थानांचे हक्क हवेत, पण ते आपल्या संस्थानांचे, असा हा न्याय.

या प्रकरणाचे मूळ मात्र बरेच मागे जाते. १७८७ मध्ये ज्या मुत्सद्द्यांनी राज्यघटनेचा मसुदा केला त्यांनी त्यात ‘गुलाम’ हा शब्द कटाक्षाने टाळला. परंतु प्रतिनिधींची संख्या ठरविताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे असा हिशेब मान्य करून त्यांनी मालकांच्या पदरात जादा मते टाकली. त्या काळी तंबाखूची शेती उतरणीस लागलेली असल्यामुळे ही प्रथा आपोआप क्षीण होईल अशी पुष्कळांची अटकळ होती. ती चुकली याला १७९३ साली निघालेले सरकी काढण्याचे एक साधे यंत्र बव्हंशी कारणीभूत झाले. एली व्हिटनीच्या या यंत्रामुळे आखूड धाग्याचा कापूस किफायतशीर ठरला, लँकेशायरच्या गिरण्यांची भूक अमर्याद होती, आणि जॉर्जियापासून टेक्ससपर्यंतचा मुलूख कापसाखाली येत गेला. १७९० च्या शिरगणतीत सुमारे ७ लाख गुलाम होते. १८६० मध्ये त्यांची संख्या ४० लाखांच्या जवळ पोहोचली. व्हर्जिनिया व मेरीलँड येथील मालकांनी या अवधीत लक्षावधी स्त्रीपुरुष कापसाच्या मुलखात विकले. आई एका लिलावात आणि मुले दुसऱ्या लिलावात, अशी ती विक्री चाले.

शेतीचा आणि सत्तेचा असा मेळ बसल्यावर तंट्याचा विषय एकच उरला. पश्चिमेकडे जे नवे प्रदेश संघराज्यात येत होते, त्यांत गुलाम नेता यावेत की नाही? वरिष्ठ सभेत प्रत्येक संस्थानाला दोनच जागा असल्याने प्रत्येक नव्या संस्थानाच्या प्रवेशागणिक तराजू कलण्याचे भय होते. १८२० मध्ये ३६ अंश ३० कला ही अक्षांशरेषा सरहद्द म्हणून ठरवून एक तडजोड झाली. मेक्सिकोशी झालेल्या युद्धात प्रचंड मुलूख हाती आल्यावर ती अपुरी पडली, १८५० मध्ये दुसरी करावी लागली, आणि १८५४ मध्ये कॅन्सस व नेब्रास्का येथील रहिवाशांनीच मतदानाने निर्णय करावा असे ठरताच दोन्ही पक्षांचे हत्यारबंद लोक कॅन्ससमध्ये उतरून परस्परांचे रक्त सांडू लागले. तीन वर्षांनी सरन्यायाधीश टॉनी यांनी ड्रेड स्कॉट या गुलामाच्या दाव्यात, काळ्या माणसाला या देशाचे नागरिकत्व असूच शकत नाही आणि प्रदेशांत गुलामगिरीला बंदी करण्याचा काँग्रेसला अधिकार नाही, असा निवाडा देऊन तडजोडीची वाटच बुजविली. १८५९ मध्ये गुलामगिरीचा कट्टर शत्रू जॉन ब्राउन याने हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारावर छापा घातला व तो फासावर गेला. दक्षिणेला तो दरोडेखोर वाटला, उत्तरेत कित्येकांना हुतात्मा. १८६० च्या नोव्हेंबरात लिंकन अवघ्या ४० टक्क्यांच्या आसपास मते मिळवून निवडून आले, आणि २० डिसेंबरला दक्षिण कॅरोलिनाने संघराज्याशी संबंध तोडला.

१२ एप्रिल १८६१ रोजी चार्ल्सटनच्या बंदरातील सम्टर किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या आणि आणखी चार संस्थाने बंडखोरांना मिळाली. लढायांची जंत्री येथे देण्याचे प्रयोजन नाही. उत्तरेजवळ मनुष्यबळ, कारखाने, लोहमार्ग आणि आरमार होते. दक्षिणेजवळ रॉबर्ट ली यांच्यासारखे कसलेले सेनानी आणि स्वतःच्या भूमीवर लढण्याचा लाभ. म्हणून पहिली दोन वर्षे पूर्वेकडील रणांगणावर उत्तरेची फौज पुनःपुन्हा मार खात राहिली, तर पश्चिमेकडे उत्तरेचे सेनानी ग्रँट नद्यांच्या मार्गाने दक्षिणेचे दोन तुकडे पाडीत गेले.

पण या युद्धाला खरे वळण मिळाले ते एका फारशा न गाजलेल्या प्रसंगाने. मे १८६१ मध्ये व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावरील मन्रो किल्ल्यात तीन गुलाम रात्री होडीतून येऊन दाखल झाले. त्यांना बंडखोरांच्या तोफखान्याच्या बांधकामावर जुंपलेले होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मालकाचा प्रतिनिधी पांढरे निशाण घेऊन आला आणि १८५० च्या कायद्याच्या आधारे त्यांची मागणी करू लागला. किल्ल्याचे मुख्याधिकारी बेंजामिन बटलर हे मूळचे वकील; त्यांनी उत्तर दिले की, व्हर्जिनिया आपण परके राज्य असल्याचे सांगते, तेव्हा आमच्या देशाचा कायदा तिला लागू नाही, आणि तुमच्याच म्हणण्याप्रमाणे ही माणसे जर मालमत्ता असतील, तर शत्रूची युद्धोपयोगी मालमत्ता मी जप्त करतो. युक्तिवाद थोडासा विनोदी आहे, आणि माणसाला वस्तू मानूनच तो सिद्ध होतो. तथापि त्याची वार्ता पसरताच शेकडो, मग हजारो, माणसे बायकामुलांसह फौजेच्या छावण्यांकडे निघाली. त्यांचे काय करावयाचे हा प्रश्न वॉशिंग्टनला टाळता येईना. ऑगस्टमध्ये काँग्रेसने जप्तीचा कायदा केला, पुढील वर्षी तो अधिक कडक केला, एप्रिल १८६२ मध्ये राजधानीच्या जिल्ह्यातील गुलामगिरी मालकांना भरपाई देऊन बंद केली. आणि सप्टेंबरात अँटिटमच्या लढाईत, जिथे एका दिवसात सुमारे २३ हजार सैनिक जायबंदी, ठार वा बेपत्ता झाले, लीची चढाई थोपविली गेल्यावर लिंकननी मुक्तीचा जाहीरनामा घोषित केला. १ जानेवारी १८६३ पासून अमलात आलेला हा हुकूम केवळ बंडखोर मुलखापुरता होता, संघराज्यात राहिलेल्या चार गुलामधारक संस्थानांना तो लागू नव्हता. परंतु त्याने काळ्यांना फौजेत घेण्याचे दार उघडले आणि युद्ध संपेपर्यंत सुमारे १ लाख ८० हजार काळे शिपाई भरती झाले. आरंभी त्यांना गोऱ्या शिपायाहून कमी तनखा मिळे, म्हणून काही पलटणींनी तो घेण्याचेच नाकारले होते.

दक्षिणेचा मोठा भरवसा कापसावर होता. कापूस अडवला की इंग्लंड आपल्या बाजूने युद्धात उतरेल या हिशेबाने त्यांनी प्रथम स्वतःच निर्यात रोखली, आणि मग उत्तरेच्या आरमाराने बंदरांची नाकेबंदी केली. लँकेशायरचे मजूर उपाशी राहिले, पण इंग्लंड आले नाही. त्याच्या व्यापाऱ्यांनी मिसर आणि हिंदुस्थान गाठले. खानदेश, वऱ्हाड आणि गुजरातेतील कापसाला कधी न पाहिलेला भाव आला व मुंबईत पैशाचा पूर लोटला. समुद्र बुजवून जमीन करण्याच्या कंपन्यांचे भाग कैक पटींनी विकले जाऊ लागले, सट्टेबाज व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर बँका कर्जे देऊ लागल्या. ९ एप्रिल १८६५ रोजी ली यांनी अपोमॅटॉक्स येथे शरणागती पत्करल्याचे वर्तमान मुंबईत येताच कापसाचे भाव कोसळले, १ जुलैच्या वायद्यांचा दिवस उजाडेपर्यंत पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. १८६४ मध्ये ८ लाख १६ हजार असलेली शहराची वस्ती १८७२ मध्ये ६ लाख ४४ हजारांवर आली.

तिकडे सहा लाखांवर माणसे मृत्युमुखी पडली होती. शरणागतीनंतर पाचव्या दिवशी लिंकन यांच्यावरही गोळी झाडली गेली. डिसेंबर १८६५ मध्ये घटनेच्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी देशभर नष्ट झाली, मात्र गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तमजुरी हा अपवाद तीत राहिला. दक्षिणेच्या विधिमंडळांनी लगोलग बेकार हिंडणे हाच गुन्हा ठरविला, आणि पुढे तर कैदी मळेवाल्यांना व खाणमालकांना मक्त्याने देण्याची वहिवाट पडली. याच्या उलट चित्रही काही काळ दिसले. १८७० मध्ये, ज्या मिसिसिपीतर्फे पूर्वी जेफर्सन डेव्हिस वरिष्ठ सभेत बसत, तिच्याच तर्फे हायरम रेव्हेल्स हे काळे धर्मोपदेशक तेथे जाऊन बसले. आणि १८७३ मध्ये पुण्यात जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तो दास्यविमोचनाच्या कार्याबद्दल अमेरिकेच्या सदाचारी लोकांना अर्पण करून. त्यानंतर चार वर्षांनी, एका वादग्रस्त निवडणुकीचा सौदा पटविताना, वॉशिंग्टनच्या सरकारने दक्षिणेतील काळ्यांच्या पाठीशी उभी असलेली उरलीसुरली फौज छावण्यांत परत बोलाविली. आणि १८९० साली मिसिसिपीने नवी घटना करून मताधिकारासाठी कर व वाचनाची परीक्षा अशा अटी घातल्या, ज्यांत काळा हा शब्द कोठेही आलेला नाही.