मुंबईची वाट, आपली आपण

भिगवण, इंदापूर, बारामतीकडच्या आपल्या गटांतल्या बायकांना कधी ना कधी मुंबईला जावंच लागतं. कुणाला परळच्या टाटा रुग्णालयात तपासणीला, कुणाला मंत्रालयात अर्जाचं विचारायला, कुणाला महालक्ष्मी सरस प्रदर्शनात चटण्या-पापड विकायला. पण 'न्यायला माणूस नाही' म्हणून कितीदा तरी तारीख हुकते. घरातला माणूस मोकळा होईपर्यंत दुखणं काही थांबून राहत नाही. म्हणून आज मुंबईत कसं फिरायचं, ते नीट समजून घेऊ.

मुंबई मोठी खरी, पण ती चौफेर पसरलेली नाही. उसाच्या सरीसारखी लांबट आहे. दक्षिणेच्या टोकाला मंत्रालय, चर्चगेट आणि सीएसएमटी. तिथून लोकलचे तीन मुख्य मार्ग निघतात. पश्चिम मार्ग चर्चगेटहून दादर, वांद्रे, बोरिवलीकडे जातो. मध्य मार्ग सीएसएमटीहून दादर, ठाणे, कल्याणकडे. हार्बर मार्ग सीएसएमटीहून कुर्ला, वाशी, पनवेलकडे. म्हणून कुणी पत्ता दिला की आधी विचारायचं, 'स्टेशन कोणतं? मार्ग कोणता? पूर्वेला उतरायचं की पश्चिमेला?' चुकीच्या बाजूला बाहेर पडलं तर मोठा वळसा पडतो.

आपल्याकडून रेल्वेने जाताना दौंड, पुणे, लोणावळा, कल्याण, ठाणे, दादर अशी वाट आहे. सगळ्या गाड्या भिगवणला थांबत नाहीत, त्यामुळे दौंडला किंवा पुण्याला गाडी बदलावी लागते. एसटीत १७ मार्च २०२३ पासून सगळ्या महिलांना अर्धं तिकीट आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजींना तर प्रवास मोफत, फक्त आधार कार्ड जवळ हवं. मात्र मुंबईतल्या बेस्टच्या बस वेगळ्या. एसटीची ही सवलत तिथं मागू नका.

आता टाटा रुग्णालयाचंच उदाहरण घेऊ. दादरला उतरलात की लोकलचं वेगळं तिकीट काढायचं. साध्या डब्याचं तिकीट ५ रुपयांपासून मिळतं. विनातिकीट सापडलं तर भाडं आणि वर किमान २५० रुपये दंड. दादरला पश्चिम मार्गाचे फलाट १ ते ७ आणि मध्य मार्गाचे ८ ते १४. आपल्याला मध्य मार्गाची सीएसएमटीकडे जाणारी धीमी गाडी हवी. जलद गाडी परळला सहसा थांबत नाही. परळ लगेच पुढचंच स्टेशन. तिथं पूर्वेला बाहेर पडून टाटा विचारायचं. केईएम रुग्णालयही तिथंच जवळ आहे.

पेशंटला जिना चढवत नसेल तर दादरहून मीटरची टॅक्सी करा. रिक्षा शोधत बसू नका. वांद्रे आणि सायनच्या दक्षिणेला रिक्षाला परवानगीच नाही, तिथं काळी-पिवळी टॅक्सीच चालते.

लोकलमध्ये बायकांचे डबे वेगळे असतात. बाहेर बाईचं चित्र असतं, पण 'फर्स्ट क्लास' लिहिलं नाही ना, तेवढं बघून चढा. रात्री या डब्यांत पोलीस असतात. ५ मे १९९२ ला चर्चगेट ते बोरिवली अशी फक्त महिलांची लोकल सुरू झाली. रोज नोकरीला जाणाऱ्या बायकांमुळे ही सोय झाली. डब्यात शेजारणीला विचारायला लाजू नका. 'फलाट कोणत्या बाजूला येणार?' एवढं विचारलं तरी ती दाराजवळ वाट करून देते.

सकाळी आठ ते अकरा सीएसएमटी आणि चर्चगेटकडे फार गर्दी असते, संध्याकाळी पाच ते आठ उलट दिशेला. पेशंट, सामान किंवा लेकरू बरोबर असेल तर या वेळा टाळा. पहाटेच पोहोचलात तर उत्तम. रविवारी दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक असतो, गाड्या कमी धावतात. गाडी अर्धा मिनिटसुद्धा थांबत नाही, म्हणून आपलं स्टेशन यायच्या आधीच दाराशी या. धावती गाडी पकडू नका. रूळ कधीच ओलांडू नका, पुलावरूनच जा.

गटानं जात असाल तर निघतानाच एक ठरवा. कुणी मागं राहिली तर तिनं पुढच्या गाडीनं ठरलेल्या स्टेशनवर यायचं, आणि बाकीच्यांनी तिथंच फलाटावर थांबायचं. म्हणजे फोन लागला नाही तरी चुकामूक होत नाही. पैसे दोन ठिकाणी ठेवा. रेल्वेत काही अडचण आली तर १३९ आणि पोलिसांसाठी ११२ हे नंबर लक्षात ठेवा.

शेवटी, एका कागदावर पाच गोष्टी लिहून पर्समध्ये ठेवा: स्टेशनचं नाव, मार्ग, पूर्व की पश्चिम, जायच्या ठिकाणाचा पूर्ण पत्ता आणि घरचा फोन नंबर. मोबाइलची बॅटरी संपते, कागद संपत नाही. पहिल्या खेपेला जाऊन आलेल्या मैत्रिणीला सोबत घ्या. दुसऱ्या खेपेला तुम्ही पुढं व्हा, तिला मागं चालू द्या. तिसऱ्या खेपेला गटातल्या एका नव्या बाईला तुम्ही घेऊन जा. असं झालं तर आपल्या गावात कुणाची तपासणी 'न्यायला माणूस नाही' म्हणून राहणार नाही.